पायाची तक्रार, कंबरेचा पत्ता

पाय दुखतो म्हणून आलेला माणूस स्टुलावर टेकतो आणि आधी मोजा काढायला लागतो. मी त्याला थांबवते, शर्ट वर करून पालथं झोपायला सांगते. “मॅडम, कंबर एकदम ठीक आहे, पाय दुखतोय,” हे वाक्य ठरलेलं. तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ते मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही, नुसती कंबरेच्या मणक्यांवरून बोटं फिरवत राहते.

पायाच्या अंगठ्याच्या टोकाला जाणारी नससुद्धा निघते कंबरेतून. इथे नस म्हणजे पोटरीवर फुगलेली निळी रक्तवाहिनी नव्हे. ही पांढरट, चिवट, आतून हजारो बारीक तंतूंची. त्यातले काही मेंदूचा हुकूम स्नायूला पोचवतात, काही कातडीवरची खबर वर नेतात. अंगठ्यावरचा स्पर्श ओळखणाऱ्या तंतूची पेशी असते मणक्याशेजारी, तिचा एक धागा खाली अंगठ्यापर्यंत आणि दुसरा वर थेट मेंदूच्या बुडाशी. म्हणजे एकाच पेशीची लांबी दीड मीटरच्या घरात. उंच माणसात त्याहून जास्त.

या तंतूंचा वेगही सारखा नसतो. दगडाला ठेच लागते तेव्हा ‘काहीतरी लागलं’ हे लगेच कळतं, आणि ‘आई गं’ मात्र क्षणभराने निघतं. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला ५० मीटरच्या आसपास खबर नेतात, ठणक्याचे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर. पुढच्या वेळी ठेच लागली की हा मधला क्षण पकडून बघा, सापडतो.

मज्जारज्जू, म्हणजे मेंदूची पाठीच्या कण्यातून खाली आलेली शेपटी, मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली कण्याच्या पोकळीत नुसत्या नसांच्या मुळांचा झुपका लोंबत असतो. हीच मुळं कंबरेच्या पाच मणक्यांमधून आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या भोकांमधून जोडीजोडीने बाहेर पडतात. डॉक्टर मंडळी त्यांना एल १ ते एल ५ आणि एस १ ते एस ५ म्हणतात. एमआरआयच्या रिपोर्टात जे ‘एल ४-५’ लिहिलेलं असतं, ते चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधल्या गादीचं नाव. या झुपक्यावर मोठा दाब आला तर बसायची जागा, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, बधिर होतो आणि लघवी अडते. कंबरदुखीबरोबर असं काही झालं तर माझ्याकडे येऊ नका, शेक घेत बसू नका, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा. ऑपरेशनला काही तासांचा उशीरसुद्धा महागात पडतो.

बाहेर पडलेली मुळं सरळ पायात उतरत नाहीत. आधी एकमेकांत मिसळून त्यांची दोन जाळी होतात, एक कंबरेच्या आतल्या सोआस नावाच्या जाडजूड स्नायूत, दुसरं ओटीपोटात मागच्या भिंतीला. त्या जाळ्यांतून पायाच्या नसा तयार होऊन निघतात. ही मिसळामिसळ विद्यार्थ्यांना फार छळते. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही तिला शिव्या घातल्यात. पण तिचा एक मोठा फायदा आहे. एका स्नायूला दोन-तीन मुळांचे तंतू मिळतात, त्यामुळे एक मूळ दबलं तर स्नायू अशक्त होतो, पण सहसा पूर्ण लुळा पडत नाही. पुढे वाटेत नसच तुटली, तर मात्र तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू ठार बंद. कमजोरी किती आणि कुठल्या कुठल्या स्नायूत, यावरून बिघाड कंबरेत आहे की वाटेत, हे निम्मंअधिक हातानेच कळतं.

पुढच्या बाजूची मुख्य नस फिमोरल, एल २, ३, ४ या मुळांची. जांघेत बोट ठेवलं तर धमनीचे ठोके लागतात, त्याच्या लगेच बाहेरच्या अंगाला ही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू तिच्या ताब्यात, त्यामुळे ती बिघडली की जिना उतरताना गुडघा अचानक सोडून देतो. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो, तोही याच वाटेने. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, याची नोंद केली. पेशंटबरोबर आलेल्या पोरांना हा प्रकार इतका आवडतो की ती आपापले गुडघे पुढे करून रांगेत उभी राहतात. या नसेची एक बारीक फांदी पोटरीच्या आतल्या बाजूने थेट घोट्यापर्यंत जाते.

त्याच मुळांतून ऑब्च्युरेटर नावाची नस मांडीच्या आतल्या स्नायूंना जाते. ती मी इथे एकाच कारणासाठी काढली. तिचे तंतू खुब्याच्या सांध्यालाही जातात आणि गुडघ्यालाही. सहा-सात वर्षांचं पोर लंगडतं, गुडघ्यावर हात ठेवून रडतं, आईच्या पिशवीत गुडघ्याचे एक्स-रे असतात आणि सगळे छान. खुबा फिरवून बघितला की पोर ओरडतं. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो, आणि मेंदूला मात्र खबर जाते गुडघ्याची. कारण नसलेल्या गुडघेदुखीत मुलाचा खुबा न तपासता औषध लिहून देणाऱ्यांचा मला राग येतो. तपासायला एक मिनिट लागतं.

कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाशी, जिथे पट्टा रुततो, तिथून अजून एक छोटी नस मांडीच्या बाहेरच्या कातडीला जाते. घट्ट जीन्स, जड पट्टा, सुटलेलं पोट, गरोदरपण, यांपैकी कशानेही ती दबते. मग मांडीच्या बाहेर तळहाताएवढी जागा आग आग करते, साडीचा काठ घासला तरी नको होतो, पण ताकद मुळीच कमी होत नाही, कारण ही नस फक्त कातडीची. खुद्द सिग्मंड फ्रॉइडला हे दुखणं होतं आणि १८९५ मध्ये त्याने त्यावर लेखही लिहिला. पट्टा सैल करणे आणि वजन उतरवणे, यावर बहुतेकांचं भागतं. पेशंटना हा उपाय फार स्वस्त वाटतो.

आता मागच्या बाजूला. पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या टेबलावर देह पालथा ठेवला होता. सरांनी नितंबाचा मोठा स्नायू उचलून बाजूला केला, आणि आत अंगठ्याएवढी जाड, चपटी, पांढरी नस दिसली. फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी सगळे वाकून बघत होते. सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस. सुरुवातीला तिची रुंदी दोन सेंटिमीटरपर्यंत भरते. एल ४ पासून एस ३ पर्यंतच्या पाच मुळांची ती बनते, पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून नितंबात येते आणि मांडीच्या मागून उतरते. काही माणसांत तिचा अर्धा भाग त्या स्नायूला भेदूनच बाहेर येतो. बसायचं हाड आणि खुब्याबाहेरचं उंच हाड यांच्या साधारण मधून ती जाते.

म्हणून नितंबावर इंजेक्शन द्यायचं तर वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण किडकिडीत मूल हातपाय झाडत असतं, आई घाबरलेली असते, आणि सुई मधोमध जाते. ताप उतरतो आणि पाऊल लोंबायला लागतं. अशी पोरं मी पाहिली आहेत. लहान मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन देणंच शहाणपणाचं, कारण तिथे अशी मोठी नस नाही. गोळीने जमणारं काम सुईने करून घेण्याचा हट्ट पालकांचा असतो, हेही सांगायला हवं.

सायटिका म्हणून जो ओळखला जातो तो त्रास बहुतेक वेळा या नसेत नसतोच. बिघाड तिच्या मुळाशी असतो. मणक्यांमधली गादी मागे सरकते आणि मुळाला टेकते. नेपल्सच्या कोतुन्योने १७६४ मध्ये हा दुखावा सांध्याचा नसून नसेचा आहे असं लिहिलं, पण गादीचा संबंध सगळ्यांना पटला तो १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार यांनी ऑपरेशनमध्ये तो पुरावा दाखवल्यावर. तपासायची पद्धत साधी. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलायचा. तीसेक अंशांच्या पुढे गेल्यावर मांडीमागून पोटरीत कळ गेली, तर मूळ ताणलं जातंय. ही तपासणी फ्रान्सच्या लासेगच्या नावावर आहे, प्रत्यक्षात ती त्याच्या विद्यार्थ्याने, फोर्स्टने, १८८१ च्या प्रबंधात लिहिली. आणि त्याच्याही आधी, १८८० मध्ये, सर्बियातल्या लाझा लाझारेविच या डॉक्टरने ती सर्बियन भाषेत मांडली होती. हा गृहस्थ नावाजलेला कथालेखकही होता. पण सर्बियन वाचतो कोण? मराठीत लिहिणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

कळ कुठवर जाते हे मी बोटाने दाखवायला लावते. पोटरीच्या बाहेरून पायाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याकडे गेली तर एल ५. टाचेवरून करंगळीकडे गेली तर एस १. अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचलता येत नाही तो एल ५ चा, चवड्यावर उभं राहता येत नाही तो एस १ चा. कातडीचे हे पट्टे पायावर तिरपे, वळसा घेत उतरतात, कारण गर्भात असताना आपला पाय आतल्या बाजूला फिरतो आणि गुडघा पुढे येतो. आणि या नकाशाचं शेवटचं टोक पावलात नाही. गुदद्वाराभोवतीची जागा एस ५ ची. माणसाला हातापायांवर ओणवं उभं केलं की ते लगेच पटतं.

आमच्याकडे येण्याआधी बरेच जण पायाळू माणसाकडे जाऊन आलेले असतात. उसण भरली की पायाळूने पाठीला पाय लावायचा, हा उपाय गावात आजही चालतो. मी हसत नाही. सायटिकाचे बरेचसे पेशंट सहा ते बारा आठवड्यांत आपोआपच सुधारतात, तेव्हा त्या काळात जो हात लावेल, किंवा पाय लावेल, त्याला श्रेय मिळतं. आमच्या मशीनलाही त्यातलं थोडं फुकट मिळतं. फक्त पाठीवर उभं राहून तुडवून घेऊ नका, आणि पायातली ताकद कमी होत असेल तर वाट बघू नका.

गुडघ्याच्या थोडं वर सायटिक नसेचे दोन भाग होतात. एक टिबियल, पोटरीतून खाली तळव्याकडे जाणारा. दुसरा पेरोनियल, गुडघ्याच्या बाहेर वळणारा. माझ्या मते आख्ख्या पायातली सगळ्यात धोक्याची जागा याच दुसऱ्याच्या वाटेवर आहे. खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, हाडाचा गोल उंचवटा चाचपा. त्याच्या लगेच खाली, मागच्या बाजूने बोट आडवं फिरवा. सुतळीसारखं काहीतरी बोटाखाली सटकतं, आणि जोरात दाबलं तर पावलाच्या वरच्या बाजूला झिणझिण्या येतात. हीच ती. खाली हाड, वर फक्त कातडी, मध्ये कसलीही गादी नाही. पायावर पाय टाकून तासभर बसा, घट्ट प्लास्टर घाला, आजारात भराभर वजन उतरू द्या, किंवा आमच्याकडच्या बायका बसतात तसं दिवसभर उकिडवं बसून खुरपणी करा, ती दबते.

मग पाऊल उचलणारे स्नायू बंद पडतात. माझ्याकडे येणारी बाई सांगते, “चालताना चप्पल पुढं दुमडतीया.” तिची चप्पल उलटी करून बघावी, चवड्याकडचं टोक झिजलेलं असतं. ती गुडघा उंच उचलते आणि पाऊल फट्कन आपटते. टाचांवर चालायला सांगितलं की एक पाय ऐकतच नाही. आता प्रश्न हा, की एल ५ चं मूळ दबलं तरीही पाऊल असंच लोंबतं. मग बिघाड कंबरेत की गुडघ्याशी? मी तिला पाऊल आत वळवायला सांगते. ते काम टिबियल नसेचं, पण मूळ मुख्यतः एल ५ च. मग कुशीवर झोपवून आख्खा पाय वर उचलायला लावते, तिथेही एल ५ लागतं. दोन्ही ताकदीने झालं तर कंबर निर्दोष, दोष गुडघ्याशी. दोन्ही लटपटलं तर एमआरआय. याशिवाय अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली बेचकी, जिथे स्लीपरचा पट्टा बसतो, तेवढीच कातडी या नसेच्या खोल फांदीची. तिथे कापूस फिरवला आणि कळला नाही, की संशय पक्का होत जातो.

नुसती दबलेली नस काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत परत येते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. हिशेब करा. नितंबात सुईने दुखावलेल्या नसेला नडगीच्या स्नायूपर्यंत पोचायला ५०-६० सेंटिमीटर, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. स्नायू तेवढा काळ जेमतेम थांबतो, मग तो झिजून परतीच्या पलीकडे जातो. बायकांना हे सांगितलं की त्या म्हणतात, “करंट वाढवा.” करंट वाढवून तंतू पळत नाहीत. तोवर पाऊल आधाराने सरळ ठेवायचं, घोटा आखडू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात.

कुष्ठरोगाचे जंतूही नेमक्या याच जागा पकडतात. त्यांना थंडावा लागतो आणि कातडीलगतच्या नसा थोड्या थंड असतात. त्यामुळे गुडघ्याबाहेरची ही नस आणि आतल्या घोट्यामागची टिबियल, दोन्ही जाड होतात. नॉर्वेच्या हॅन्सनला हा जंतू १८७३ मध्ये दिसला, पण रोगाने बोटं ‘झडतात’ ही समजूत पुढेही कितीतरी वर्षं टिकली. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँडने दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. संवेदना गेलेला पाय काट्यावर, निखाऱ्यावर पडतो आणि माणूस चालत राहतो, घाव त्यातून होतात. मऊ एमसीआर रबराची चप्पल ही त्याच समजुतीतून आलेली गोष्ट. वरोऱ्याच्या आनंदवनात किंवा अमरावतीच्या तपोवनात गेलेल्यांनी ती पाहिली असेल.

आता माझ्या खाटेवर कुष्ठरोगाचे पाय कमी येतात, मधुमेहाचे भरपूर. मधुमेह एक नस निवडत नाही, लांबी निवडतो. सगळ्यात लांब तंतू आधी मरतात, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून, मग मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो. तो गुडघ्याजवळ आला की हाताची बोटंही बधिरायला लागतात. मी विचारते, “काका, चप्पल पायातून निसटली तर कळतं का?” काका गप्प होतात आणि काकू हसून सांगतात की परवा एकाच चपलेने घरी आले. मग नायलॉनचा तो धागा काढते, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो, आणि डोळे मिटायला सांगून तळव्यावर टेकवते. टिबियल नसेच्या दोन फांद्या तळवा वाटून घेतात, अंगठ्याकडची साडेतीन बोटं एकीची, करंगळीकडची दीड दुसरीची. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले पेशंट दरवर्षी येतात, आणि फोड बायकोने पाहिल्यावर कळलेले असतात. रोज रात्री आरशात तळवा बघा, हे मी सांगते. देवाला जाऊ नका असं कधी सांगत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. प्रदक्षिणेला मोजे घाला म्हटलं तर ऐकतात.

आता पुन्हा त्या लोंबत्या पावलाकडे. पेरोनियल नस परत यायची चिन्हंच नसतील, तर सर्जन एक सुंदर उलाढाल करतात. पाऊल आत वळवणारा टिबियलिस पोस्टिरिअर स्नायू शाबूत असतो, कारण त्याची नस वेगळी. त्याला हाडाशी जोडणारी शीर खालून सोडवून, नडगीच्या दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढे आणून, पावलाच्या वरच्या बाजूला शिवतात. प्लास्टर निघालं की पेशंट माझ्याकडे येतो आणि पाऊल वर उचल म्हटलं की काहीच होत नाही. मेंदूला अजून जुनीच वाट माहीत असते. मग मी म्हणते, वर राहू दे, पाऊल आत वळव. तो आत वळवतो, आणि पाऊल वर येतं. पहिल्यांदा सगळेच दचकतात. सुरुवातीला प्रत्येक पावलाला ‘आत, आत’ असं मनात म्हणावं लागतं, पुढे काही आठवड्यांनी गप्पा मारत चालतानाही पाऊल आपसूक उचललं जातं.